बोअरच्या गाडीत सीबी रेडिओ बसवला, अँटेना जोडली की ठिणगी पडते (गाडी २४ व्होल्ट)

शिवारातला_बोअरवाला
नमस्कार मंडळी. आमच्या दोन गाड्या आहेत. एक बोअरची रिग आणि तिच्यामागं पाइप, डिझेल अन् पोरांचं सामान घेऊन चालणारी सपोर्ट गाडी. काम जास्त करून पाटोदा, आष्टी, धारूर ह्या डोंगरपट्ट्यात. रात्री एक पॉइंट संपवून पुढच्या गावाला निघायचं, मोबाइलला रेंज नसते, पुढची गाडी कच्च्या रस्त्याला कुठं वळली ते मागच्याला कळत नाही. म्हणून दोन्ही गाड्यांत २७ मेगाहर्ट्झचे, ५ वॅटचे सीबी (सिटिझन बँड) सेट, म्हणजे गाडीतून गाडीत बोलायचे रेडिओ घेतले.

सपोर्ट गाडीतला बसवला तसा चालू झाला. रिगचा मात्र त्रास द्यायलाय. सेटला लाइट येते, डिस्प्ले येतो, स्पीकरमधून खरखर येते. पण अँटेनाची वायर मागं फिरवून बसवायला गेलं की चर्रकन ठिणगी. पोरानं जोर करून आवळली तर सेटची काळी वायर चटका बसेल इतकी तापली. नवल म्हणजे लाल वायरमधला फ्यूज शाबूत! सेट बंद ठेवून जोडलं तरी तेच. सपोर्ट गाडीतला सेट इकडं आणून बघितला, तरी ठिणगी.

अँटेना डाव्या आरशाच्या दांडीला क्लॅम्पवर आहे. केबिन जुनी, काऊलवर (कारखान्यातून येणारा पुढचा लोखंडी भाग) बॉडीवाल्याकडून लाकडी सांगाडा अन् पत्रा मारून घेतलेली. कुणाला अनुभव आहे का?

मोंढा_परभणी
ठिणगी पडतेय म्हणजे ह्या पॉइंटला पाणी नक्की लागणार.
मला रेडिओतलं काही कळत नाही, वाचायला बसलोय.

उदगीरचा_ट्रकवाला
अँटेना आतून शॉर्ट आहे. दुसरी घ्या, विषय संपला.

काका_औसा
अँटेना आतून शॉर्ट असली तरी ठिणगी पडण्याचं कारण नाही. गाडीवर लावायच्या कित्येक अँटेनांच्या तळाशी कॉइल असते. मीटर लावला तर मधली तार आणि बाहेरची जाळी एकमेकांना जोडलेलीच दिसते, आणि ती अँटेना ठणठणीत असते. उगाच पैसे घालवू नका.

बोअरवाले, तुमच्याच पोस्टमध्ये अर्धं उत्तर आहे. सेट बंद असताना ठिणगी पडते, म्हणजे हा करंट सेटच्या सर्किटचा नाही. सेट बदलला तरी पडते, म्हणजे दोष सेटमध्ये नाही. लाल वायरचा फ्यूज जात नाही आणि काळी तापते, म्हणजे करंट लाल वायरीतून येतच नाही. तो काळ्या वायरीतून सेटच्या धातूच्या डब्यात, तिथून अँटेना केबलच्या जाळीत आणि जाळीतून गाडीच्या बॉडीत उतरतोय.

मला एवढंच सांगा, रिगच्या गाडीत १२ व्होल्ट कुठून घेतलेत? उत्तर मिळेपर्यंत अँटेना जोडू नका. आणि अँटेना नसताना माइकचं बटण दाबू नका, आउटपुटचा ट्रान्झिस्टर जळतो.

शिवारातला_बोअरवाला
काका, दोन बॅटऱ्या आहेत, त्यातल्या एकीच्याच प्लस-मायनसवरून वायरिंगवाल्यानं दोन्ही वायरी घेतल्या. मीटरवर बरोबर १२.६ दाखवतंय. सपोर्ट गाडीत टेपसाठी २४ चं १२ करणारा रिड्यूसर आधीपासून होता, तिथं त्याच्यावरून घेतलंय.

वायरिंगवाला_जालना
सापडलं. एक काम करा. अँटेना काढलेलीच ठेवा. मीटरची काळी पिन चेसिसच्या उघड्या लोखंडावर धरा, लाल पिन रेडिओच्या डब्याच्या स्क्रूवर. काय येतं सांगा.

शिवारातला_बोअरवाला
१२.५ यायलंय डब्यावर! डबा तर अर्थ असायला पाहिजे ना?

वायरिंगवाला_जालना
असायला पाहिजे, म्हणूनच ठिणगी.

ट्रकला दोन १२ च्या बॅटऱ्या एकामागं एक जोडून २४ करतात. खालच्या बॅटरीचा मायनस चेसिसला. तिचा प्लस वरच्या बॅटरीच्या मायनसला. वरच्याचा प्लस म्हणजे गाडीचा २४ चा प्लस. (खालची-वरची हे जोडणीप्रमाणं म्हणतोय, पेटीत त्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात.) तुमच्या वायरिंगवाल्यानं वरच्या बॅटरीवरून घेतलं. तिच्या दोन टोकांत १२ व्होल्टच आहेत, म्हणून सेट चालू होतो आणि मीटर बरोबर दाखवतो. पण तिचा मायनस चेसिसच्या मानानं १२ व्होल्टवर बसलाय. सेटमध्ये काळी वायर, डबा आणि अँटेना सॉकेटचं बाहेरचं कवच हे सगळं आतून एकच असतं. लाकडी डॅशबोर्डवर पट्टीनं बसवलाय म्हणून डबा कुठं टेकला नाही आणि काही दिसलं नाही. अँटेनाची जाळी आरशाच्या दांडीवरून बॉडीला टेकली की खालची अख्खी बॅटरी काळ्या वायरीतून शॉर्ट. ट्रकची बॅटरी किती करंट ओकते ते स्टार्टर चालवताना बघताच. बारीक वायर आहे म्हणून नुसती तापली. अजून थोडा वेळ ठेवली असती तर वेष्टन वितळून केबिनच्या लाकडापर्यंत गेलं असतं.

ह्याच कारणासाठी मी दोन्ही वायरींना बॅटरीजवळ फ्यूज टाकतो, काळीलासुद्धा. गिऱ्हाईक हसतं. हसू द्या.

उदगीरचा_ट्रकवाला
मग खालच्या बॅटरीवरून घ्या की. आमच्या गाडीत टेप, पंखा, मोबाइल चार्जर सगळं खालच्याच बॅटरीवर, कधीचं चालतंय. रिड्यूसरचा खर्च कशाला?

वायरिंगवाला_जालना
चालतंय हो. पण तुमच्या दोन बॅटऱ्यांतली एक नेहमी दुसरीच्या आधी जाते का नाही?

उदगीरचा_ट्रकवाला
जाते. त्याचं काय.

वायरिंगवाला_जालना
अल्टरनेटर दोघींना मिळून २८ च्या आसपास चार्जिंग देतो, त्याला मधलं टोक दिसत नाही. खालचीतून रोज जास्त काढलं तर ती कायम अर्धपोटी राहते. वरची आधीच भरलेली, तिच्या वाट्याला जास्त व्होल्ट येतात आणि तिचं पाणी आटतं. एक उपाशी मरते, दुसरी उकळून. नवीन जोडी टाकताना दुकानदार म्हणतो माल खराब निघाला.

काका_औसा
जालनेकरांचं म्हणणं बरोबर, पण उदगीरकरांनाही थोडा न्याय देऊ. ५ वॅटचा एएम सेट बोलताना दीड-दोन अँपियर घेतो, नुसता ऐकताना अर्ध्या अँपियरच्या आसपास. एकट्या रेडिओनं बॅटरी मरणार नाही. त्यावर पंखा, टेप, चार्जर चढले की मग प्रश्न. तरी मी रिड्यूसरच सांगेन, पण वेगळ्या कारणासाठी. पुढच्या वेळी बॅटऱ्या काढून परत बसवताना गॅरेजचा पोरगा वायरी कुठल्या टोकाला लावेल ह्याचा भरवसा नाही. आज खाली असलेलं उद्या वर जाईल आणि परत हाच धागा काढावा लागेल.

रिड्यूसर १० अँपियरचा भरपूर झाला. आउटपुट १३.८ च्या जवळपास असावं आणि इनपुट-आउटपुटचा मायनस एकच असावा.

नवखा_लातूर
एवढा कुटाणा कशाला? ऑनलाइन दोन वॉकीटॉकी मागवा, ना अँटेना ना वायरिंग.

नियमाने_संभाजीनगर
नवखा, सांभाळून. ऑनलाइन मिळणारे बहुतेक हातातले सेट व्हीएचएफ-यूएचएफवर चालतात आणि त्याला परवाना लागतो. असे सेट परवान्याची माहिती न देता विकले जातात म्हणून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ई-कॉमर्स साइट्ससाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे सेट २०१८ पासून परवान्याविना चालतात, पण डोंगराआड ते फार लांब जात नाहीत.

बोअरवाल्यांनी निवडलेला सिटिझन बँड ठीक आहे. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, ५ वॅटपर्यंत, ह्याला २००५ च्या नियमांनी परवान्यातून सूट दिलेली आहे. मात्र दोन गोष्टी. सेटला डब्ल्यूपीसीची (केंद्राच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा) उपकरण मान्यता आहे का ते बिलासोबत बघून घ्या. दुसरं, सेटवर ४० चॅनेल असले तरी आपल्याकडं सगळे वापरायचे नाहीत. २७ वा चॅनेल २७.२७५ वर येतो. २८ वा २७.२८५ वर, म्हणजे हद्दीबाहेर. १ ते २७ मध्येच राहा. आणि पॉवर वाढवणारा बूस्टर कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा.

नवखा_लातूर
आणि हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स काढलं तर? काका हॅम आहेत ना?

काका_औसा
आहे. पण हॅम लायसन्सवर धंद्याचं बोलता येत नाही. "पाइप संपले, गाडी पुढं घे" हे धंद्याचंच बोलणं झालं. छंद म्हणून आणि अडीनडीला मदत म्हणून तो बँड असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी भागात हॅम मंडळींनी वायरलेस संपर्क चालवला, ते काम वेगळं. परीक्षा मात्र जरूर द्या, त्या निमित्तानं ह्या धाग्यात वर काय चाललंय ते समजेल.

शिवारातला_बोअरवाला
रिड्यूसर बसवला. बॅटरीजवळ दोन्ही वायरींना फ्यूज. डब्यावर आता शून्य व्होल्ट, अँटेना जोडली, ठिणगी नाही. जालनेकर, काका, लई उपकार.

आता पुढचं दुखणं. एक, खरखर इतकी की समोरचा जवळ असला तरच कळतं. दोन, आमचं बोलणं सपोर्ट गाडीला गावाच्या वेशीपलीकडं ऐकूच जात नाही. सपोर्ट गाडी दुसऱ्या एका मित्राच्या सेटशी मात्र चांगली लांबवर बोलते.

मोंढा_परभणी
स्क्वेल्च (खरखर दाबायचं बटण, जास्त फिरवलं तर बारीक आवाजही दाबतं) पूर्ण फिरवलेला नाही ना? एवढं मी धाग्यातून शिकलो नाही, यूट्यूबवर बघितलं.

काका_औसा
स्क्वेल्च बघाच, मोंढेकर. त्यासोबत आणखी दोन गोष्टी, खर्च काही नाही. दोन्ही सेट एएमवरच आहेत ना? एक एएम आणि एक एफएमवर असला तर आवाज चेपलेला, फाटका येतो आणि माणूस रेंजला दोष देत बसतो. आणि दोन्ही सेटची देशाची सेटिंग सारखी आहे का? काही सेटमध्ये वेगवेगळ्या देशांच्या पट्ट्या भरलेल्या असतात. इंग्लंडच्या पट्टीतला १९ नंबर २७.७८१२५ वर आहे, नेहमीचा १९ नंबर २७.१८५ वर. दोघंही १९ वर आणि भेट कधीच नाही. शिवाय ती पट्टी आपल्या हद्दीच्या बाहेर.

शिवारातला_बोअरवाला
दोन्ही एएम, दोन्हीवर २७.१८५ दिसतंय. स्क्वेल्च उघडा ठेवलाय.

वायरिंगवाला_जालना
आधी खरखर. रेस दिली की आवाजाचा सूर चढतो का? चढत असेल तर अल्टरनेटर. एकसारखा राहत असेल तर रिड्यूसर, एलईडी, ट्रॅकर ह्यांपैकी कुणीतरी. मग अँटेनाची वायर सेटमधून काढा (बटण दाबायचं नाही). खरखर तशीच राहिली तर ती सप्लायच्या वायरीतून येतेय. गायब झाली तर अँटेनातून येतेय. शेवटी मोटारसायकलच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर सेट चालवून बघा.

शिवारातला_बोअरवाला
रेस दिली तरी फरक नाही. अँटेना काढली की जवळजवळ शांत. मग एकेक वस्तू बंद करत गेलो. केबिनच्या कपाळावर पोरांनी रंगीत एलईडीची पट्टी लावली आहे ती बंद केली अन् निम्मी खरखर गेली. पोरं नाराज आहेत.

वायरिंगवाला_जालना
पोरांना म्हणा स्वस्तातली पट्टी काढून चांगली लावू. त्या पट्टीच्या ड्रायव्हरमध्ये फिल्टर नावाला नसतो आणि तुमची अँटेना तिच्यापासून हातभरावर. उरलेली खरखर रिड्यूसरची असणार. त्याला अँटेना केबलपासून लांब, सीटखाली लोखंडावर बसवा. त्याच्या आउटपुटच्या दोन्ही वायरी एकत्र फेराइटच्या रिंगमधून वेढे देऊन काढा. फेराइट म्हणजे लॅपटॉप चार्जरच्या वायरीवर जो जाडसर गठ्ठा असतो तो, सुटा मिळतो.

काका_औसा
आता लांब ऐकू न जाण्याचं. एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचा अंदाज देणारा) मिळवा, उसना चालेल. सेट आणि अँटेना ह्यांच्या मधे लावायचा. गाडी मोकळ्या रानात, दारं बंद. १, १४ आणि २७ नंबरचे आकडे कळवा. ३ च्या वर असेल तर पावपेक्षा जास्त पॉवर परत सेटकडं येते, जास्त वेळ बटण दाबून ठेवू नका.

शिवारातला_बोअरवाला
मीटर मिळाला. तिन्ही ठिकाणी काटा ३ च्या पलीकडं. अँटेना कमी-जास्त करून बघू का?

काका_औसा
अजिबात हात लावू नका. लांबी चुकली असती तर एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी दिसलं असतं. सगळीकडं सारखंच वाईट म्हणजे केबल किंवा अर्थ. प्लगमध्ये जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकलाय का ते उघडून बघा. तो नसेल तर तुमची केबिन.

शिवारातला_बोअरवाला
प्लग उघडला, सोल्डर नीट आहे. आरशाची दांडी ते चेसिस मीटरवर शून्य ओहम यायलंय. मग अर्थ तर आहेच ना?

काका_औसा
बॅटरीच्या करंटसाठी आहे. म्हणून तर ठिणगी पडत होती. पण २७ मेगाहर्ट्झला तो अर्थ उपयोगाचा नाही. आरशाच्या दांडीपासून चेसिसपर्यंतचा रस्ता बघा. दाराची बिजागरी, लाकडी सांगाड्यावर तुकड्या-तुकड्यानं ठोकलेला पत्रा, मग एखादी बारीक वायर. मीटरला हा सगळा शून्य दिसतो, पण एवढ्या फ्रिक्वेन्सीला लांब बारीक वायर स्वतःच अडथळा असते. ह्या अँटेनाला अर्धं अंग तुमच्या गाडीचं लोखंड द्यायचं असतं. २७ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ११ मीटर, तिचा पाव भाग पावणेतीन मीटर. तेवढी लांब काठी गाडीवर कुणी लावत नाही, म्हणून तळाशी कॉइल घालून अँटेना आखूड करतात. आखूड अँटेना अर्थाच्या बाबतीत जास्तच नखरे करते.

कारखान्यातून आलेल्या अख्ख्या पत्र्याच्या केबिनला हा त्रास कमी. आपल्याकडच्या बॉडीवाल्यांच्या केबिनला हमखास.

वायरिंगवाला_जालना
तांब्याची चपटी विणलेली पट्टी घ्या, इंजिन अर्थिंगला वापरतात ती. अँटेनाच्या क्लॅम्पपासून काऊलच्या लोखंडापर्यंत, शक्य तेवढी आखूड. दोन्हीकडं रंग खरवडून उघडं लोखंड काढा, दातेरी वॉशर, बोल्ट, वरून ग्रीस, म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही. दाराला लावलेला आरसा असेल तर क्लॅम्प तिथून काढून केबिनच्या खांबावर घ्या, दार रोज उघड-मीट होतं.

आणि एक विचारायचं राहिलं. प्रवासात तुमचा मास्ट (बोअर मारताना उभा करतात तो लोखंडी मनोरा) आडवा केबिनवरून पुढं येतो ना?

शिवारातला_बोअरवाला
हो, केबिनच्या वरून पुढं निघतो.

काका_औसा
हे मला सुचलंच नव्हतं, रिगचा कधी संबंध आला नाही. एवढं मोठं लोखंड अँटेनाच्या शेजारी असेल तर आकडे हलणारच. अँटेना जमेल तेवढी मास्टपासून बाहेर, डाव्या कडेला घ्या. आणि आकडे मास्ट आडवा ठेवूनच लावा. बोलायचं काम तुम्हाला गाडी चालताना आहे.

एक सांगून ठेवतो, अँटेनाची काठी केबिनच्या वर किती जाते ते मोजा. गावात शिरताना लिंबाच्या फांदीला लागली तर वाकून परत येते, पण शेतावरून खाली लोंबलेल्या ११ केव्हीच्या तारेचं तसं नाही. मास्ट उभा करताना तुम्ही वर बघताच, तसं आता चालतानाही बघा.

शिवारातला_बोअरवाला
क्लॅम्प खांबावर घेतला, पट्टी मारली. मास्ट आडवा ठेवून १ नंबरला २.२, १४ ला १.९, २७ ला १.६.

काका_औसा
झकास. खालच्या चॅनेलला जास्त, वरच्याला कमी, म्हणजे अँटेना आखूड आहे. वरची काठी स्क्रू सैल करून थोडी वर ओढा. थोडीच. दोन्ही टोकांचे आकडे सारखे झाले की थांबा. एकच्या मागं लागू नका, दीडच्या आत आलं की पॉवरचा चार टक्क्यांहून कमी भाग परत येतो. तेवढा जाऊ द्या.

शिवारातला_बोअरवाला
१.४ आणि १.४. मास्ट उभा केला की १.८ होतं, पण तेव्हा कॉम्प्रेसर चालू असतो, बोलतंय कोण.

मांजरसुंब्याच्या घाटात बोलून बघितलं. एका वळणाआड आवाज पडतो, पुढच्या वळणाला परत येतो. वरच्या सपाटीला पाच-सहा किलोमीटरपर्यंत स्वच्छ. आम्हाला एवढं खूप झालं. दुपारी मात्र कुठल्यातरी परक्या भाषेतली माणसं बोलताना ऐकू यायलीत! सेट हॅक वगैरे झाला का?

काका_औसा
नाही हो. सूर्यावरची हालचाल जोरात असली की दिवसा २७ मेगाहर्ट्झच्या लहरी आयनांबरावरून (वातावरणाचा वरचा थर) परतून हजारो किलोमीटर लांब उतरतात. २०२४ मध्ये सौरचक्र ऐन भरात आल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, त्याचा हा प्रताप. गोंगाट फार झाला तर दोघं ठरवून दुसऱ्या चॅनेलवर जा, २७ च्या आतच.

उदगीरचा_ट्रकवाला
रिड्यूसर केवढ्याचा बसला? टेप पण त्यावरच घेईन म्हणतो.

वायरिंगवाला_जालना
टेप, पंखा, चार्जर सगळं घेणार असाल तर १० चा पुरणार नाही, २० अँपियरचा बघा. रेडिओचा वेगळा ठेवलात तर पंख्याची घरघर रेडिओत येणार नाही.

ऊसवाला_तेलगाव
उसाच्या ट्रॅक्टरला बसवायचाय. कारखान्याच्या रांगेतून मागच्या टोळीशी बोलायला. तिथं पण रिड्यूसर लागेल का?

वायरिंगवाला_जालना
ट्रॅक्टर १२ व्होल्टचाच असतो, रिड्यूसर नको. थेट बॅटरीवरून घ्या, दोन्ही वायरींना फ्यूज. अँटेना मडगार्डवर, रंग खरवडून. ट्रॉलीवर लावू नका, ट्रॉली सुटते तेव्हा अँटेना तिच्यासोबत राहते.